न लावलेलं झाड

विद्यापीठात त्यांना तोंडावर ‘बाई’ आणि पाठीमागे ‘गवतबाई’ म्हणत. पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं, आणि ते त्यांना ठाऊक आहे हे म्हणणाऱ्यांनाही ठाऊक होतं. कोणाचं काही अडत नव्हतं.

विज्ञान विभागाच्या इमारतीमागे जमिनीचा एक तुकडा होता. पूर्वी प्रयोगशाळेतली आम्लं आणि आणखी काय काय तिथं ओतलं जाई, त्यामुळे ती जमीन पार मेली होती. बाई नव्या नव्या नोकरीला लागल्या आणि त्यांनी नेमका तोच तुकडा मागितला.

“काय लावणार?” तेव्हाच्या कुलगुरूंनी विचारलं.

“काही नाही.”

“मग खत वगैरे घालून बघणार?”

“नाही. नुसतं बघणार.”

एवढ्यावर जमीन मिळाली, कारण ती दुसऱ्या कोणाला नकोच होती.

मेलेली जमीन एकटी सोडली तर स्वतःहून जगते का, आधी तिथं कोण येतं, मग कोण, आणि कोण कोणाला हुसकावून लावतं, एवढंच बाईंना बघायचं होतं. त्यासाठी तुकड्याला कुंपण घालून त्या वीसेक वर्षं बाहेर स्टूल टाकून बसल्या. आधी शेवाळ आलं. मग एक चिवट गवत, मग काटेरी झुडपं. विद्यापीठाच्या माळ्याला त्यांनी इतक्यांदा पिटाळलं होतं, की त्या वळणावर आला की तो विळा पाठीमागे लपवी. नवरा बँकेत होता. तो पाहुण्यांना सांगे, “काही न करण्याचा पगार घेणारी बाई अख्ख्या शहरात आमच्याच घरात आहे.” पाहुणे हसत, बाईही हसत, आणि दुसऱ्या दिवशी स्टूल उचलून चालू पडत.

मग एके दिवशी त्या गवतात एक रोप दिसलं. झाडाचं. कोणी लावलं नव्हतं, कोणी पाणी घातलं नव्हतं. बाईंनी घरी फोन केला आणि त्यांना बोलताच येईना. नवऱ्याला वाटलं, नात्यातलं कोणीतरी गेलं.

रोप गुडघ्याएवढं झालं त्या वर्षी विद्यापीठातल्या पाच प्राध्यापकांच्या संशोधनाची मोठी दखल घेतली गेली. एक गणिताचे, एक भाषाशास्त्राच्या, एक हृदयाचे डॉक्टर, एक अर्थशास्त्राचे, आणि आपल्या बाई. विद्यापीठाला आभाळ ठेंगणं झालं. नुसत्या मानपत्रावर भागवायचं नाही असं ठरलं, आणि पाचही जणांना गाडी लावायला स्वतःच्या नावाची पाटी असलेली पक्की जागा द्यायचं नक्की झालं. जागा कुठली? तर विज्ञान विभागामागे एक तुकडा रिकामाच पडला होता.

बाई तडक कुलसचिवांच्या खोलीत गेल्या.

“अहो बाई, तिथं नुसतं गवत आहे,” कुलसचिव म्हणाले.

“त्या गवतासाठीच तर सत्कार करताय!”

“सत्कार तुमचा आहे. गवताचा नाही.” ते दुष्ट नव्हते, त्यांना खरंच असं वाटत होतं. “सोमवारी कंत्राटदार येतोय. आता काही फिरवता येणार नाही. हां, तुमची जागा तुमची. ती हवी तशी वापरा.”

“हवी तशी?”

“अर्थात. गाडी लावा, सायकल लावा.”

“मग मी ती तशीच ठेवते. सिमेंट नको. आणि बाकीच्यांनीही नको म्हटलं तर?”

कुलसचिवांनी कपाळाला हात लावला. “लिहून आणा.”

बाई त्याच पावली निघाल्या. गणिताचे सर बसने येत. गाडी हा प्रकार त्यांच्या डोक्यातच नव्हता, त्यांनी न वाचताच सही केली. भाषाशास्त्राच्या मॅडम बोलणारी चारच माणसं उरलेल्या भाषांवर काम करत. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. डॉक्टरांनी घड्याळ बघत विचारलं, “आधी मेली होती आणि आता जिवंत आहे? मग ठेवा.”

राहिले अर्थशास्त्राचे सर. आणि रोप नेमकं त्यांच्या जागेत होतं.

“बाई, मी नाही म्हणतोय म्हणून राग मानू नका,” सर म्हणाले. “लांबच्या फाटकापासून चालत येताना माझ्या गुडघ्यांचं काय होतं ते मलाच माहीत. आयुष्यात पहिल्यांदा दारात गाडी लावायला मिळतेय. एका रोपाचंच आहे ना? मी शंभर लावून देतो!”

“लावलेलं नकोय, सर. आलेलं हवंय.”

सरांनी सही केली नाही. बाईंना त्यांचा राग आला, आणि त्यांचे सुजलेले गुडघे पाहून तो रागही धड करता येईना. घरी त्या जेवल्या नाहीत. नवऱ्याने या वेळी थट्टा केली नाही. सकाळी त्या पुन्हा सरांच्या दारात उभ्या.

“सर, माझी जागा घ्या. मधली. तिथं सिमेंट घाला, गाडी लावा. मला तुमची द्या.”

“पण मधल्या जागेत तर तुमचं सगळ्यात जुनं...”

“हो,” बाई म्हणाल्या. “सही करा.”

सोमवारी सिमेंट पडलं तेव्हा बाई कुंपणापाशी उभ्या होत्या. पहिलं शेवाळ जिथं आलं होतं, ती जागा त्यांच्या डोळ्यांदेखत बुजली. त्यांनी डोळे पुसले नाहीत, वळूनही गेल्या नाहीत. पाट्या आधीच ठोकून झाल्या होत्या, त्या कोणी बदलल्या नाहीत. बाईंच्या नावाखाली सरांची गाडी उभी राहू लागली आणि सरांच्या नावाखाली झाड वाढू लागलं. नवे विद्यार्थी सरांना झाडांतले तज्ज्ञ समजत. सर ते खोडून काढायचे, पण जरा उशिराने.

पुढे दोघंही निवृत्त झाले. झाड इमारतीच्या दुसऱ्या मजल्याला लागलं. सरांनी गाडी विकली, आणि एके सकाळी बाईंना त्यांचा फोन आला, “जरा विज्ञान विभागामागे येता का?”

बाई पोचल्या तेव्हा दोन मजूर सिमेंटचे शेवटचे तुकडे ढकलगाडीत भरत होते. परवानगीसाठी सरांनी कुलसचिवांच्या खोलीत किती खेटे घातले होते, ते त्यांनी सांगितलं नाही. मधोमध एक उघडा, करडा चौकोन पडला होता. पुन्हा मेलेली जमीन.

“तुमची जागा,” सर म्हणाले. “आता काय करायचं?”

“काही नाही.” बाईंनी काखेतलं घडीचं स्टूल खाली ठेवलं. “बघायचं.”

“आधी झाड यायला वीसेक वर्षं लागली होती, बाई. एवढी वर्षं आपल्यापाशी आहेत का?”

“नसतील. पुढचं कोणीतरी बघेल. पण सुरुवात कशी झाली हे त्याला कळायला नको?” त्यांनी स्टूल उघडलं, टेकल्या, आणि दचकून ओरडल्या, “सर, मागे व्हा! तुमच्या बुटांना बाहेरची माती आहे!”