जमिनीवरची सत्तावीस मिनिटं

लिफ्टमास्तरांचं विमान जमिनीवरून उठायला सत्तावीस मिनिटं लागायची.

दिवसभर ते लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत. गेली सहा वर्षं संध्याकाळी बेडरूमच्या कोपऱ्यातल्या संगणकावर जुन्या काळचं लढाऊ विमान चालवत. खेळ ऑनलाइन होता. समोरचे वैमानिक खरे असायचे, आपापल्या बेडरूममध्ये बसलेले. पण याला कुणी खेळ म्हटलेलं मास्तरांना खपायचं नाही. ते खुर्चीला पट्टा बांधून बसत. विमानाची काच उघडली की टेबलफॅन चालू. उंची वाढली की डोक्यावर माकडटोपी.

"अहो, चहा निवतोय," बायको म्हणायची.

"मी चार हजार फुटांवर आहे."

"मग खाली याल तेव्हा गरम करून घ्या."

भिंतीवर नियमांचा कागद होता. नियम चार सगळ्यात कडक. विमान पडून मेलेला माणूस झोपेपर्यंत बोलणार नाही. मास्तर आठवड्यातून चारदा मरत. बायकोची काही तक्रार नव्हती. पॅराशूटने शत्रूच्या हद्दीत उतरले, तर ते युद्धकैदी म्हणून बाल्कनीत जाऊन बसत. शेजाऱ्यांना वाटे, पुन्हा भांडण झालं.

खेळात दोन कक्ष होते. सुलभ कक्षात एक बटण दाबलं की इंजिन सुरू. शत्रूच्या डोक्यावर लाल बाण. तिथे जत्रा भरलेली असे. अस्सल कक्षात बाण नाही, काही नाही. पंप मारा, तेल तापवा, एकेक लिव्हर आपल्या हाताने ओढा. तिथे मास्तरांची तुकडी होती. तुकडीत तीन माणसं. मास्तर, एक दातांचे डॉक्टर आणि भूमितीच्या निवृत्त बाई.

एके दिवशी खेळ चालवणाऱ्यांचं पत्र आलं. रविवारी दुपारी चारच्या ठोक्याला आठ विमानं आकाशात दिसली नाहीत, तर तुकडी बरखास्त. तिघांनीही सुलभ कक्षात जावं.

मास्तर बाल्कनीत जाऊन बसले.

"आज कुठे पडलात?" बायकोने विचारलं.

"पडलो नाही. पाडतायत."

त्यांनी जाहिरात टाकली. अकरा जण आले. मास्तरांनी प्रत्येकाला एकशे बारा पानांची पुस्तिका पाठवली. स्वतः लिहिलेली. एकाने धीर करून विचारलं, "सर, गोळी कोणत्या बटणाने सुटते?"

"ते चौथ्या आठवड्यात."

पानं संपायच्या आत माणसं संपली.

उरला मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, सलूनवाला. शनिवारी त्याने तीनदा विमान जागेवरच पेटवलं.

"भाऊजी, हे विमान आहे की सरकारी अर्ज?"

"तेल तापायच्या आत लिव्हर ओढलास."

"मला उडायचं होतं. तुम्ही मला गॅरेजात कामाला लावलंत."

"तुझ्यासारखी माणसं सुलभ कक्षात जातात," मास्तर म्हणाले. यापेक्षा मोठी शिवी त्यांना येत नव्हती.

रविवारी तीनला मास्तर पट्टा बांधून बसले होते. एवढ्यात फोन वाजला. समोरच्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकली होती. आत पाच जणी. चौथ्या मजल्यावरच्या टायपिंग क्लासची रविवारची बॅच. मास्तरांनी पट्टा सोडला. माकडटोपी काढायची राहिली. चहाला आलेला मेहुणा टॉर्च घेऊन मागे धावला.

"आम्ही खाली पडणार का हो?" लिफ्टमधून आवाज आला.

"अजिबात नाही," मास्तर दाराशी तोंड लावून म्हणाले. "पंखा फिरतोय? झकास. दारापासून लांब उभ्या राहा. दोन मिनिटं."

ते गच्चीवरच्या मशीनरूममध्ये चढले. मेन स्विच बंद केला. ब्रेक सोडवला आणि हाताने चाक फिरवायला घेतलं. लिफ्ट वीत वीत वर सरकू लागली.

"भाऊजी, तुम्ही त्यांना ब्रेकचं काही समजावलंच नाहीत," मेहुणा टॉर्च धरून म्हणाला.

"अडकलेल्या माणसाला ब्रेक कशाला समजवायचा? त्याला बाहेर पडायचंय. ब्रेक बघायला वर मी आहे ना!"

"मग माझ्या विमानाच्या वेळी वर कोण होतं?"

मास्तरांचे हात थांबले. खालून पाच किंकाळ्या आल्या. त्यांनी घाईने चाक पुन्हा फिरवलं.

खऱ्या लढाईतही वैमानिक येऊन बसायचा, तेव्हा इंजिन तापलेलं असायचं. पंप, तेल, लिव्हर, सगळं मेकॅनिकने उरकून ठेवलेलं. पुस्तिकेच्या पान सत्त्याण्णववर मास्तरांनीच हे लिहिलं होतं. तिथपर्यंत कुणी पोहोचलं नव्हतं. बहुधा लिहिणारे मास्तरही नाहीत.

"सहा वर्षं मी लिफ्टमध्ये बसून लिफ्ट दुरुस्त करतोय," ते पुटपुटले.

मास्तरांनी चौथ्या मजल्यावर उतरून दार उघडलं. पाच जणी बाहेर आल्या. "तुमचे उपकार कसे फेडायचे?" मोठी पर्स घेतलेली एक म्हणाली.

"चार वाजता विमान चालवा."

"खरंखुरं?"

"जवळजवळ."

माकडटोपीतल्या माणसाला नाही म्हणायला त्या घाबरल्या असाव्यात. मेहुण्याने पेनड्राइव्हवर खेळ आणला. क्लासमधले पाचच संगणक धड होते. तेही इतके जुने, की ढग चौकोनी दिसत होते. मास्तर एका खुर्चीवरून दुसरीकडे पळत होते. पंप मारला, तेल तापवलं, लिव्हर ओढली, पुढची. अशी पाच इंजिनं त्यांनी वीस मिनिटांत घरघरायला लावली.

"आता ऐका. हे चार बाण म्हणजे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. लांब कळ म्हणजे गोळी. बाकी सगळं मी केलंय."

"एवढंच?" पर्सवाली म्हणाली.

"एवढंच," मास्तर म्हणाले.

"कीबोर्डकडे बघायचं नाही," टायपिंग शिकवणाऱ्या बाई मागून ओरडल्या. "मनगटं उचला!" मनगटं उचलली. त्यांच्यापाठोपाठ विमानंही उचलली गेली.

चारला आठ मिनिटं कमी होती. मास्तरांनी मोजलं. या पाच. डॉक्टर. भूमितीच्या बाई. सात. आठवे ते स्वतः. आणि त्यांचं विमान रस्त्यापलीकडे, बेडरूममध्ये, थंडगार. त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, माझं विमान..."

"तेल तापलंय. धावपट्टीवर उभी आहे मी," बायको म्हणाली.

"तुला कसं काय..."

"सहा वर्षं ऐकतेय. पाढ्यासारखं पाठ आहे. त्या सत्तावीस मिनिटांत बारा मिनिटं तुम्ही नुसता घसा साफ करता. ठेवा आता."

चारच्या ठोक्याला आकाशात आठ विमानं होती. पडद्यावर ओळ उमटली. तुकडी कायम.

मास्तर धापा टाकत घरी आले. बायको पट्टा बांधून बसली होती. पंखा चालू होता.

"ऊठ आता. बसू दे मला."

"मी चार हजार फुटांवर आहे."

मास्तरांनी स्वयंपाकघरात जाऊन निवलेला चहा गरम करून आणला. बायकोने पडद्यावरची नजर न काढता हात पुढे केला. कपासाठी नव्हे. मास्तरांनी माकडटोपी काढली आणि तिच्या डोक्यावर चढवली.

तिने दोघांना पाडलं. पाच वाजता तिलाही कुणीतरी पाडलं. पाडणारी पर्सवाली होती. अस्सल कक्षात लाल बाण नसतात. आपलं कोण, परकं कोण, ते ज्याचं त्याने बघायचं.

"अरेरे," मास्तर म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलं. "बरं, आज जेवायला काय?"

बायकोने भिंतीकडे बोट दाखवलं. नियम चार.

"अगं, पण स्वयंपाक?"

मेलेल्या बाईने पलंगावर आडवं होऊन डोळे मिटले.

मास्तर स्वयंपाकघरात गेले. मीठ कुठे आहे, ते सांगायला कुणी नव्हतं. डबा सापडायला सत्तावीस मिनिटं लागली.