येळवशीच्या दिवशी इंग्रजी पिकनिक

मला त्या मॅडमचा अजून राग येतो. आता मी नांदेडला नोकरी करते, दिवसभर इंग्रजीत मेल लिहिते, आणि ऑफिसातले लोक कौतुकानं म्हणतात, शाळा चांगली मिळाली तुला, पाया पक्का आहे. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तो पाया कसा घातला गेला ते मला माहीत आहे.

आमचं गाव देवणीकडचं. शेती वडिलांनी बघायची आणि आईनं पोरीला घेऊन लातूरला खोली करून राहायचं, असं ठरलं तेव्हा मी सहावीत होते. लातूरच्या गल्लोगल्ली अशा खोल्या आहेत आणि खोल्याखोल्यांत अशा आया आहेत. माझी माय त्यांतली एक. गावातल्या बायका तिला टोमणे मारायच्या, 'पोरीला मडम करून आणणार का गं?' माय हसून सोडून द्यायची, पण घर, जनावरं, नवरा सोडून ती एका खोलीत येऊन बसली होती ती फक्त माझ्या इंग्रजीसाठी. माझं काही बिनसलं असतं तर त्याच बायकांसमोर तिला खाली मान घालून परत जावं लागलं असतं.

आणि बिनसायची चिन्हं होती. इंग्रजीच्या मॅडम पुण्याकडून आलेल्या. भाषा पुस्तकातून येत नाही, संस्कृतीतून येते, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे त्या आम्हाला इंग्लंडचा भूगोल, तिकडच्या चालीरीती आणि तिकडच्या जुन्या गोष्टी शिकवायच्या. फळ्याशेजारी इंग्लंडचा नकाशा टांगलेला असे. तिथल्या नद्या आम्ही निळ्या खडूनं गिरवायचो आणि बाहेर गल्लीत टँकर आला की अर्ध्या वर्गाचे कान तिकडे जायचे, कारण घरी माय घागर घेऊन एकटी असायची. मॅडम खिडकी लावून घ्यायच्या.

गोष्टींत सारखा बर्फ पडायचा. बर्फात उभं राहून तुम्हाला कसं वाटेल, असं त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, थंडी वाजेल. वर्ग हसला. त्यांना 'आनंद होईल' असं उत्तर हवं होतं. दुसऱ्या एका तासाला त्यांनी तिकडच्या गायींची चित्रं दाखवली आणि कुणाच्या घरी गाय आहे का विचारलं. मी उठून आमच्या देवणी गायींबद्दल सांगायला लागले, त्यांचे कान, त्यांचे ठिपके. त्या म्हणाल्या, इंग्रजीत सांग, नाहीतर खाली बस. मी खाली बसले. त्यानंतर त्यांनी विचारलं की माझी दातखीळ बसायची. शब्द सगळे माहीत असायचे, त्यांच्या तोंडाकडे बघितलं की बाहेर यायचे नाहीत. ती बाई मला आवडत नव्हती आणि तिलाही मी आवडत नव्हते, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

डिसेंबरात त्यांनी मायला बोलावून सांगितलं की मुलगी बोलत नाही. शाळेचं वर्ष संपायच्या आत सगळ्यांसमोर एकदा नीट इंग्रजी बोलली तर ठीक, नाहीतर जूनपासून मराठी तुकडीत जाईल. माय त्या रात्री जेवली नाही.

ही परीक्षा त्यांनी कधी ठेवावी? येळवशीला. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळं लातूर शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपी, करतात, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, आंबील शिंपडत कोपीभोवती फिरतात, आणि मग वाटेनं जाणाऱ्याला हाताला धरून जेवायला बसवतात. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवतो. शहरात त्या दिवशी चहाची टपरीही उघडी नसते. पालकसभेत कुणीतरी हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे तुमची पिकनिकच की! मग या वर्षी शाळेच्या मैदानावर इंग्रजी पिकनिक करू, प्रत्येक मूल पाहुण्यांना इंग्रजीत जेवायला बोलावेल, तीच परीक्षा. मला राग मॅडमचा येतो, पण त्या सभेतल्या आमच्या लोकांचाही येतो. चाळीस एकरांचे मालक, पंचक्रोशीत ज्यांच्या शब्दाला वजन, ते माना डोलावून मोकळे झाले. इंग्रजी म्हटल्यावर ते येळवसही सोडायला तयार होते.

शाळेतून चिठ्ठी आली. प्रत्येकानं काकडीची दोन सँडविच आणायची, ब्रेडच्या कडा काढून. मी मायला वाचून दाखवलं.

"कडा काढून? अन् त्या कुणी खायच्या?" ती म्हणाली. मग म्हणाली, "येळवशीला एकट्यापुरतं कसं करावं गं?"

वडील गावी कोपीपाशी एकटेच पूजा करणार होते. लग्न झाल्यापासून मायची ही पहिली येळवस होती जी शेताबाहेर जाणार होती. ती पहाटेच उठली. मी शाळेत निघाले तेव्हा घरमालकिणीचं मोठं पातेलं स्टोव्हवर होतं आणि मायनं मला सँडविचचा डबा देऊन वाटेला लावलं. 'तू हो म्होरं, मी आलेच,' एवढंच म्हणाली.

मैदानावर चौकटीच्या चादरी अंथरल्या होत्या. मुलींना हॅट सक्तीची. पाहुणे म्हणून संस्थेचे दोन-तीन लोक खुर्च्यांवर बसले होते. माझा नंबर जवळ आला तेव्हा गेटपाशी रिक्षा थांबली आणि माय उतरली. तिच्यासोबत पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीचं पातेलं, आंबिलीचं बिंदगं, बाजरीच्या उकडलेल्या उंड्यांची दुरडी आणि खांद्यावर घोंगडी होती. तिनं सगळ्या शाळेचं जेवण आणलं होतं. घोंगडी चादरींच्या शेजारी पसरून ती पोरांना म्हणाली, "या रे, बसा. येळवस हाय आज." पोरं उठायलाच लागली.

मॅडम धावत आल्या. बाहेरचं अन्न चालणार नाही, स्वच्छतेचा प्रश्न आहे, असं त्या इंग्रजीत बोलत होत्या, चेहऱ्यावर हसू ठेवून. मायला वाटलं, कौतुक चाललंय. तिनं वाटी भरून त्यांच्यापुढे धरली. "बसा बाई, थोडं तरी घ्या."

मॅडमनी वाटीकडे बघून नाक मुरडलं आणि माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, आईला सांग, हे सगळं बाहेर न्या म्हणावं.

माझं तोंड उघडलं ते इंग्रजीतच. का ते मला आजही सांगता येत नाही. बहुधा मायला कळू नये म्हणून. मी म्हटलं, माझी आई पहाटेपासून उभी आहे. आज आमच्याकडे दारातून कुणाला उपाशी जाऊ देत नाहीत, तुमच्यासारख्या माणसालाही नाही. तुम्हाला आमच्या नद्या माहीत नाहीत, गायी माहीत नाहीत आणि माहीत करून घ्यायच्याही नाहीत. तुम्हाला लाज वाटायला हवी. खाली बसा आणि जेवा. मी अक्षरशः ओरडत होते. माझी हॅट पडली होती.

मॅडम खुर्च्यांकडे वळल्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या. "ब्युटिफुल! बघा, किती भाव ओतून पाहुण्यांना बोलावलं!" खुर्च्यांवरच्यांनीही टाळ्या वाजवल्या. मी पास झाले. मला त्या बाईला लागेल असं काहीतरी बोलायचं होतं, जन्मात पहिल्यांदा मी ते बोलले होते, आणि तिनं त्याचे मार्क दिले.

तरी पातेलं बाहेरच गेलं. शिपायानं ते उचलून गेटबाहेर नेऊन ठेवलं. मायनं तिथंच घोंगडी टाकली आणि शिपायाला, रिक्षावाल्याला, रस्त्यानं जाणाऱ्या दोघा-तिघांना वाढायला घेतलं. मी बाहेर गेले तर ती आनंदानं फुललेली. टाळ्या तिनं ऐकल्या होत्या.

"लई चांगलं बोललीस म्हणं. काय म्हणलीस गं मॅडमला?"

"जेवायला बसा म्हणलं."

मायनं मैदानाकडे बघितलं. मॅडम चादरीवर बसून कडा काढलेलं सँडविच खात होत्या. मायच्या हातात त्यांच्यासाठी भरलेली वाटी अजून तशीच होती.

"मग बसल्या का न्हाईत?" ती म्हणाली.