बावीस मोठे की नऊ

१७ जून २०२३, शनिवार. रक्कम छत्तीस हजार पाचशे. यवतमाळला दत्त चौकाजवळच्या दुकानात मी, बायको, दहावी पास झालेली मुलगी आणि दुकानदार.

पास झाल्यावर टीव्हीला जोडायचा गेमचा डबा घेऊन देईन, हे मीच कबूल केलं होतं. समोर दोन कंपन्यांचे दोन डबे होते. पांढरा छत्तीस हजार पाचशेचा, काळा बेचाळीस हजारांचा. मी विचारलं, फरक कशाचा?

"काका, काही गेम फक्त याच्यावरच चालतात, काही फक्त त्याच्यावर. पांढऱ्याचे असे बावीस, काळ्याचे नऊ."

मी मोबाइलवर भागाकार केला. पांढऱ्यात एक गेम सोळाशे एकोणसाठला पडत होता, काळ्यात चार हजार सहाशे सहासष्टला.

"बाबा, मले बावीस नाही पायजेत. त्या नवातला एकच पायजे."

"एकासाठी बेचाळीस हजार? बावीस मोठे का नऊ? गणितात पास झाली ना तू?"

दुकानदार हसला. "काका, गेम डब्यात नाही येत. ते अलग घ्या लागतात."

बायको म्हणाली, "तिले इचारा तरी, कोणता गेम."

चार लोकांसमोर माझा भागाकार चुकला होता. ते कबूल करण्याऐवजी मी पांढरा डबा बांधायला सांगितला. मुलगी म्हणाली, "घ्या मग बावीस."

मी घरी आलो की ती डबा लावायची. मी आत गेलो की बंद करायची. आठवडाभरानं बायकोनं सांगितलं. मुलीची मैत्रीण वडिलांच्या बदलीमुळे उमरखेडला गेली होती. जायच्या आधी तिच्या घरच्या काळ्या डब्यावर दोघी एका दोरीला बांधून घेऊन डोंगर चढायचा खेळ खेळत. डोंगर अर्धा राहिला होता. दोन गावांतूनही तो खेळता आला असता, पण दोघींकडे काळाच डबा हवा होता.

पुढच्या रविवारी पांढरा डबा बदलून काळा घ्यायला मुलीला घेऊन दुकानात गेलो. उघडलेल्या डब्याचे दुकानदारानं एकतीस हजार धरले. फरक अकरा हजार. मी सवयीनं घासाघीस करू लागलो, "साडेनऊ करा." दुकानदार काही बोलायच्या आत मुलीनं पर्समधून नोटा काढून काउंटरवर ठेवल्या. पास झाल्याबद्दल आत्या-मामांनी दिलेले पैसे होते ते.

"ठेव ते, मी देतो."

"राहू द्या बाबा. तुम्ही पुन्हा भागाकार करसान."

दुकानदार या वेळी हसला नाही. अकरा हजार त्याला तिनंच दिले.