मोटारीतून आलेले भाऊजी

माझे धाकटे दीर टेलर. हे आणि ते, दोघे भाऊ एकाच दुकानात समोरासमोर मशीनवर बसायचे. साठ-बासष्टच्या सुमाराला भाऊजींनी एक सिनेमा पाहिला. कारकुनाचा पोरगा चढत चढत कारखानदाराचा जावई होतो, असलं काहीतरी. पाहिला तो पुन्हा पुन्हा पाहिला.

मी विचारलं, "शेवटी तो रडतो ना हो? शेजारीण सांगत होती."

"रडतो, वहिनी. पण मोटारीत बसून रडतो."

पुढे त्यांनी स्वतःला कोट शिवला. अस्तर उरल्यासुरल्या तुकड्यांचं, पण आत कोण बघतंय. ह्यांनी सुनावलं, "अंथरूण पाहून पाय पसरावेत." तर म्हणे, "दादा, मी अंथरूणच मोठं शिवतोय."

तो कोट घालून क्लबात पत्ते खेळायला जाऊ लागले. तिथे एका कारखानदाराशी ओळख झाली. धंदा कसला विचारलं, तर "कापडाचा." खोटं नव्हतंच म्हणा. कारखानदाराची मुलगी लग्नाची होती. एक दिवस घरी चहाचं बोलावणं आलं.

"आज जमलं, तर मशीन सुटलं," जाताना म्हणाले.

तिथलं सगळं त्यांनीच मागाहून सांगितलं. चहा झाला, मुलगीही दोन शब्द बोलली. कारखानदार मुद्द्यावर यायला म्हणून शेजारी येऊन बसले, आणि त्यांच्या बाहीला एक दोरा लोंबत होता. भाऊजींनी बाही धरली, वाकले आणि दोरा दातांनी टचकन तोडला. लोक सुतावरून स्वर्ग गाठतात, भाऊजी सुतावरूनच खाली आले.

कारखानदारांनी शांतपणे विचारलं, "कधीपासून शिवताय?"

"लहानपणापासून."

कुणी रागावलं नाही. मुलगी आत गेली, ती बाहेर आली नाही इतकंच. निघताना कारखानदारांनी बाह्या आखूड करायला दोन कोट दिले, आणि हातात ओझं आहे म्हणून ड्रायव्हरला सोडून यायला सांगितलं.

आमच्या दारात मोटार थांबली तशी सगळी गल्ली बाहेर आली. भाऊजी मागच्या सीटवर, मांडीवर कोट. डोळे लाल. आत येऊन त्यांनी कोट टेबलावर पसरले, गळ्यात टेप अडकवली. मी पाणी दिलं.

"रडलात का हो?"

"मोटारीतच उरकून घेतलं, वहिनी. पुन्हा कुठली मिळायला."