दादाची साक्ष

माझा थोरला भाऊ धारला पोस्टात होता. मी देवासला एका खाजगी दवाखान्यात नर्स. आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती. पणजोबा नगरकडून शिक्षक म्हणून माळव्यात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि रविवारी दोन्हींची खिचडी.

दादाला पंचेचाळिशीत साखरेचा आजार निघाला. गोळ्या सुरू झाल्या, वहिनीनं भात कमी केला, तो सकाळी चालायला जाऊ लागला. सहा महिन्यांनी रिपोर्ट अगदी व्यवस्थित आला. यायलाच हवा होता, औषध त्यासाठीच असतं. पण त्या रविवारी दादा उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभा राहिला आणि म्हणाला, "प्रभूनं मला पूर्ण बरं केलंय." गोळ्यांचं नाव त्यानं काढलं नाही. लोक रडले. चर्चच्या पाळकसाहेबांनी त्याला मिठी मारली. पोस्टात ज्याला कोणी 'बसा' म्हणत नसे, त्याच्याभोवती उपासनेनंतर माणसं जमली.

मग हीच साक्ष सांगायला बोलावणी येऊ लागली. कधी नालछ्याला, कधी लोहारद्याला, कधी कोणाच्या अंगणात मांडव घालून. मी पेटी वाजवायचे, म्हणून सुट्टी असली की मीही जायचे. साक्ष दर वेळी थोडी वाढायची. आधी नुसती साखर होती. मग चक्कर आली, मग डॉक्टरनं हात टेकले. तसं कोणी डॉक्टर म्हणालाच नव्हता. परतताना बसमध्ये मी एकदा म्हटलं, "दादा, गोळ्या घेतोस ना रे?"

"आता कशाला?" तो म्हणाला. "लोकांना एक सांगायचं आणि घरी गोळी गिळायची? ते खोटं होईल."

म्हणजे खोटं त्याला टोचत होतं. पण साक्ष दुरुस्त करण्याऐवजी त्यानं गोळ्या सोडल्या. मी काय केलं? खिडकीबाहेर बघत बसले. खरं सांगते, मलाही ते दिवस आवडत होते. दवाखान्यात डॉक्टर माझ्यावर खेकसायचे, मांडवात बायका माझा हात धरून म्हणायच्या, "आप उनकी बहन हैं ना?" ते मला सोडवत नव्हतं.

टोंकखुर्दच्या सभेनंतर एक बाई आमच्याजवळ आली. तिशीची असेल, सडपातळ, सोबत शाळेच्या कपड्यांतली तिची मुलगी. ती बाई लहानपणापासून रोज इन्शुलिनची सुई घ्यायची. तिनं दादाला विचारलं, "भिया, मैं भी सुई बंद कर दूँ क्या?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. तिथं नर्स मी होते. तिचा आजार वेगळा आहे, सुई बंद केली तर ही बाई जगणार नाही, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. मी पेटीचा भाता बंद करत होते, तेच करत राहिले.

"विश्वास रखो, बहन," दादा म्हणाला.

सुई बंद कर, असं तो बोलला नाही. पुढे कित्येक महिने आम्ही दोघं याच शब्दांच्या आड लपलो.

तीन आठवड्यांनी कळलं, ती बाई गेली. इंदूरला नेईपर्यंत शुद्ध हरपली होती. मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "तिचा विश्वास कमी पडला असेल गं." मी फोन ठेवला. पुढच्या रविवारी पुन्हा पेटी वाजवली.

त्याच वर्षी पावसाळ्यात नव्या चपलेनं दादाच्या अंगठ्याला घासलं. फोड फुटला, भरेना. मी दर शनिवारी देवासहून इंदूर आणि तिथून धार अशी बस बदलून जायचे आणि दार लावून त्याचं ड्रेसिंग करायचे. साखर तपासली तर चारशेच्या वर. तो म्हणाला, "वहिनीला सांगू नकोस. मंडळीत कळेल." मी नाही सांगितलं. सभेला जाताना तो मोजे घालू लागला.

एके दिवशी वहिनीनं मला स्वयंपाकघरात अडवलं. "वन्सं, खोलीत वास येतो. तुम्ही नर्स आहात. तुमचं ऐकतील ते."

"बरं होतंय, वहिनी," मी म्हणाले. अंगठा तेव्हा काळा पडला होता.

इंदूरला गुडघ्याखालून पाय कापला. तरी विष अंगात भिनलंच होतं. दुसऱ्या दिवशी दादा शुद्धीवर आला. माझा हात घट्ट धरून म्हणाला, "मला मंडळीसमोर उभं राहायचंय. सगळं सांगायचंय. त्या बाईचंही."

"आधी बरा हो," मी म्हणाले.

पाळकसाहेब बाहेरच बाकावर बसले होते. त्यांना आत बोलवायला दहा पावलं चालावं लागलं असतं. मी चालले नाही. मला वाटलं, तो बोलला तर माझंही निघेल. चौथ्या दिवशी तो गेला. कबुली त्याच्या तोंडाशी आली होती. ती मी अडवली.

अंत्यविधीत पाळकसाहेब त्याच्या विश्वासाबद्दल बोलले. महिन्याभरानं मी त्यांना सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "ताई, आता हे उघड करून दुबळ्या माणसांचा विश्वास का मोडायचा?" माझा अनुभव मात्र उलटा होता, मोडलं होतं ते लपवण्यानं. देवानं आम्हाला काही लपवायला सांगितलं नव्हतं. त्यानं गोळ्या दिल्या, डॉक्टर दिला, घरात नर्स बहीण दिली. आम्हाला त्याचं देणं साधं वाटलं, म्हणून चमत्कार आम्ही स्वतः बनवला आणि खाली त्याचं नाव लिहिलं.

वहिनीला सांगितलं, तेव्हा तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "आता येत जाऊ नका."

मग मी टोंकखुर्दला गेले. त्या बाईच्या नवऱ्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. मी उभ्यानंच बोलले. मी नर्स आहे, मला माहीत होतं, मी गप्प राहिले. तो जमिनीकडे बघत होता.

"उस दिन बोल देतीं," तो म्हणाला. "दो शब्द ही तो थे."

मी क्षमा मागितली. त्यानं दिली नाही. मुलगी शाळेतून यायची वेळ झालीय, तिच्यासमोर हे नको, एवढं म्हणून तो दारापर्यंत आला आणि मी बाहेर पडल्यावर त्यानं कडी लावली.

देव पश्चात्ताप करणाऱ्याला क्षमा करतो, यावर माझा विश्वास आहे. पण त्या मुलीची वेणी आता कोण घालतं, हे मला विचारायचं होतं, आणि विचारायची माझी लायकी नव्हती.