अस्वलाला 'अहो'

कॅनडातल्या कोक्विटलामला आमच्या शेजारी राहणारा नागपूरकर सगळ्यांना 'बे' म्हणतो, गोऱ्या बॉसलासुद्धा. शनिवारी डोंगर चढताना त्याचा विषय एकच: अस्वलासाठी रिव्हॉल्व्हर कोणतं घ्यायचं? "फोर्टी-फोर मॅग्नमच पाहिजे बे! एका गोळीत आडवं!" हायकिंगला रिव्हॉल्व्हर बाळगायची परवानगी मिळत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. पण बोलताना त्याचे डोळे असे चमकतात की मीही बॅरलच्या लांबीवरून भांडत सुटतो.

परवा वळणावर खरंच काळं अस्वल उभं होतं. मी जागीच थिजलो. मला मागे सारून तो पुढे झाला, हातात अस्वलं पळवायचा मिरचीचा स्प्रे धरला आणि अदबीनं म्हणाला, "अहो, तुम्ही व्हा पुढे. आम्हाला काही घाई नाही."

अस्वल झाडीत शिरलं. तसा तो माझ्याकडे वळून ओरडला, "पाह्यलं का बे? फोर्टी-फोर कमीच पडलं असतं!"