गाणाऱ्याकडे पाहणारा माणूस

भाचीचा, सुजाताचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याला आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी धूत होतो. शनिवारची सकाळ होती. "मामा, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. खाली येऊन शर्ट बदलला, बायकोला निरोप दिला आणि हिंगणघाटची एसटी पकडली. गाडी सेलूकाटेच्या पुढे गेल्यावर घाम पुसायला खिशात हात घातला, तर रुमालाबरोबर पेन ड्राइव्ह हाताला लागला. दुसऱ्या दिवशीच्या रविवारसाठी मी त्यात एका रॉक बँडच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण भरून ठेवलं होतं. भाऊजींनी मुद्दाम मागितलं होतं ते. मी तो पुन्हा खिशात ठेवला आणि घर येईपर्यंत त्यावरचा हात काढला नाही.

मनोहर भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. हिंगणघाटच्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, मूळचे तळेगावचे, श्यामजी पंतांच्या तळेगावचे. त्यांची दुसरी ओळख तळेगावला पहिली होती. तिथल्या विहारासमोर दरवर्षी एप्रिलमध्ये जयंतीचा कार्यक्रम होतो, त्यात भाऊजींची गायन पार्टी भीमगीतं म्हणायची. मधे भाऊजी, त्यांच्या बाजूला पेटी आणि ढोलक, मागे टाळ्या देणारे कोरसवाले. समोरासमोर दोन मंच बांधून दोन पार्ट्यांचा सामनाही रंगायचा, आणि त्यात भाऊजींचा आवाज मंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत जायचा. मी स्वतः गाण्यातला नाही. मी जिल्हा कार्यालयात लेखा विभागात आहे. पण नागपूरला वसतिगृहात असताना माझ्या खोलीवरच्या मित्राकडे इंग्रजी बँडच्या कॅसेटी होत्या, त्यांचा नाद मला तेव्हा लागला तो आजतागायत सुटलेला नाही. घरात माझ्या या नादाला कोणी भागीदार नव्हता. बायको म्हणते, ते लावायचं तर दार लावून घ्या.

भागीदार मिळाला तो असा. भाऊजी निवृत्त झाल्यावर ताईनं मोठा टीव्ही घेतला आणि तो जोडून द्यायला मला बोलावलं. आवाज नीट येतो का ते पाहायला मी माझ्याजवळचं एक चित्रीकरण लावलं. मोठं मैदान, हजारो माणसं, आणि मंचावर एक गायक जो एका जागी म्हणून उभा राहत नव्हता. भाऊजी पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, मग पेपर घडी करून बाजूला ठेवला. गाणं संपल्यावर मला वाटलं आता बंद कर म्हणतील. ते म्हणाले, "तो मांगं ढोल वाजवणारा पुन्हा दाखव. तो कोणाले पाहून राह्यला होता?" त्याच्याकडे मी पाहिलंच नव्हतं.

तेव्हापासून महिन्यातले बहुतेक रविवार ठरून गेले. दुपारी जेवणानंतर मी पोचायचो, ताई कच्चा चिवडा आणि चहा आणून द्यायची आणि आत जाऊन पडायची, आणि आम्ही दोघं बँड पाहायचो. नुसतं पाहणं माझ्या स्वभावात नाही. दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या तर मापं सारखी हवीत, असं मला वाटतं. म्हणून मी मंचावरच्या जोमाचे भाग पाडले होते. गायकाची हालचाल किती, वाजवणारे दमले की तसेच टिकले, लोक कुठल्या गाण्याला उभे झाले, शेवटचं गाणं पहिल्याइतकंच ताकदीचं होतं का. प्रत्येकाला गुण द्यायचे आणि बेरीज करायची. भाऊजींना ही बेरीज ऐकण्यात फार गंमत वाटायची. "बोला ऑडिटरसाहेब, काय निघालं?" असं विचारायचे, आणि मी आकडा सांगितला की मान हलवून म्हणायचे, "बरोबर असन. पण चूक हाये."

त्यांचं माप एकच होतं, आणि ते तळेगावच्या मंचावरून आलेलं होतं. त्यांच्या पार्टीत एक नियम होता. जो गात नाही त्यानं गाणाऱ्याकडे पाहायचं. समोर लोकांकडे नाही, मंडपातल्या ओळखीच्या माणसाकडे नाही, घड्याळाकडे तर नाहीच. कोरसमध्ये नवीन मुलगा आला की त्याला आधी हे शिकवायचे, टाळी नंतर. पुढचा गाणारा कुठे दम घेणार, कुठे ओळ परत घेणार, हे पाहणाऱ्याला आधी कळतं, आणि लोकांना मंचावरून जे काही येऊन धडकतं ते त्या पाहण्यातून तयार होतं, असं त्यांचं म्हणणं. हेच माप त्यांनी परदेशातल्या बँडना लावलं. ते चित्र मधेच थांबवायला सांगायचे, खुर्चीतून उठून पडद्याजवळ जायचे आणि बोटानं दाखवायचे. हा त्याच्याकडे पाहतो, तो ह्याच्याकडे पाहतो, आणि हा पाहा... हा कॅमेऱ्याकडे पाहतो, हा गेला कामातून.

दोन बँडवरून आमचं कायमचं वाजलं. एक माझा आवडता. त्याचा गायक मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचा, लाकडी मचाणावर चढायचा, लोकांत झेप घ्यायचा. भाऊजींनी त्यांचं नाव 'उड्यावाले' ठेवलं. दुसरा त्यांचा आवडता. चार मध्यमवयीन माणसं, दोन तास जवळजवळ जागची न हलणारी. त्यांना मी 'खांबवाले' म्हणायचो. खांबवाल्यांच्या एका चित्रीकरणात काळ्या शर्टाचा एक माणूस होता. एका संथ गाण्यात त्याला वाजवायला काहीच नव्हतं. सगळं गाणं तो गिटारवर हात ठेवून गाणाऱ्याकडे पाहत उभा होता, बस. भाऊजी ते गाणं कितीदा तरी लावायला सांगायचे. माझ्या हिशेबात त्या माणसाला शून्य मिळत होतं, आणि ते मी लपवलं नाही. "तू उड्या मोज," ते म्हणायचे. "मी नजरा पाहतो."

या रविवारांत एकच गोष्ट मला खटकायची, ती म्हणजे भाऊजींची खुर्ची. वेताची, हात असलेली. ती टीव्हीसमोर सरळ नसायचीच, दिवाणाकडे तोंड वळवून तिरपी ठेवलेली असायची. मी दिवाणावर बसायचो. मला वस्तू भिंतीच्या रेषेत लागतात, म्हणून गेल्या गेल्या मी खुर्ची सरळ करायचो, आणि चहा होईपर्यंत ती पुन्हा तिरपी झालेली असायची. मान दुखेल म्हणून सांगून पाहिलं. "दुखते का तुही?" एवढं म्हणून ते विषय संपवायचे.

तीन वर्षांपूर्वी त्यांचा आवाज बसला आणि उठलाच नाही. नागपूरला तपासणी झाली, घशाचा कर्करोग निघाला, आणि पुढे स्वरयंत्र काढावं लागलं. गाणाऱ्या माणसाचं स्वरयंत्र... ताई त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिली होती. घरी आल्यावर भाऊजी गळ्यातल्या श्वासाच्या भोकावर मऊ सुती कापड गुंडाळायचे आणि बोलायचं ते मोबाइलवर लिहून दाखवायचे, तेही अस्सल वऱ्हाडीत. आमचे रविवार थांबले नाहीत. फक्त 'बरोबर असन, पण चूक हाये' हे आता वाचावं लागायचं.

पुढची जयंती जवळ आली तेव्हा पार्टीची मुलं घरी आली. भाऊजींच्या जागी सुजातानं गावं असं त्यांचं म्हणणं होतं. माझी भाची नागपूरला औषधनिर्माणशास्त्र शिकवते. लहानपणापासून ती कोरसमध्ये बसली होती, पण मधल्या जागेवर कधीच नाही. ती सरळ नाही म्हणाली. मग ताईनं समजावल्यावर तिनं अट घातली, बाबा मंचावर बसतील तर गाईन, ते खाली बसणार असतील तर मले जमणार नाई. मुलांनी लगेच हो म्हटलं. भाऊजी उठून आतल्या खोलीत गेले.

ते तयार होईनात. ज्या गावानं आवाज ऐकला त्या गावाला गळ्यातलं भोक दाखवायला जाणार नाही, असं त्यांनी ताईला लिहून दाखवलं. सुजाताही हटेना. कार्यक्रमाची छापील पत्रिका वाटायला गेली तरी मधल्या जागेवर कोण हे नक्की नव्हतं. पार्टी त्या वर्षी घरी बसली असती तर पुढे उभी राहिली नसती, हे आम्हाला सगळ्यांनाच दिसत होतं. त्या रविवारी मी गेलो आणि खांबवाल्यांचं ते संथ गाणं लावलं. काळ्या शर्टाचा माणूस पडद्यावर आला तसं चित्र थांबवलं. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मोबाइल पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, 'मुका मानूस स्टेजवर कायले?'

मी म्हणालो, "भाऊजी, ह्या माणसाचा या गाण्यात आवाज आहे का?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"मग हा तिथं काऊन उभा आहे?"

ते उठून पडद्याजवळ गेले, परत येऊन बसले. मग लिहायला लागले. वाटलं आता मोठं काही येतं. मोबाइल माझ्याकडे वळवला तर दोनच शब्द होते. 'म्हंजे मान्य?'

"दहापैकी आठ दिले ह्याला," मी म्हणालो.

त्यांचं हसणं आता आवाजाशिवाय व्हायचं, खांदे तेवढे हलायचे. ते खूप वेळ हलले.

तळेगावला त्या दिवशी ऊन उतरल्यावर कार्यक्रम सुरू झाला. त्रिशरण-पंचशील झालं, मग पार्टी मंचावर बसली. भाऊजी कोरसच्या रांगेत, निळं कापड गळ्याला. आधी लोक त्या कापडाकडेच पाहत होते, माझ्या पुढच्या दोन बाया आपसात कुजबुजल्याही. पहिलं गाणं नीट गेलं. दुसऱ्या गाण्याच्या मधल्या कडव्यात सुजाता अडली. शब्द गेले तिचे. ढोलक एक फेरा जास्त वाजला, मग आणखी एक. तिनं मागे वळून पाहिलं. भाऊजींना शब्द सांगता येणार नव्हते, आणि त्यांनी ओठही हलवले नाहीत. ते फक्त तिच्याकडे पाहत होते, ती वळायच्या आधीपासून पाहत होते, आणि टाळी देत होते. तिनं त्यांच्याकडे पाहतच ओळ उचलली. पुढचं कडवं मंडपानं तिच्याबरोबर म्हटलं, शेवटच्या खांबापर्यंत. त्या मंचावर कोणी जागचं हललं नव्हतं. माझ्या बेरजेत हे कुठल्या भागाखाली धरावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

यंदा आजार उलटला. शेवटच्या भेटीत ते त्याच खुर्चीत, उशांना टेकून होते. मी कुठल्याशा नव्या बँडच्या ढोलवाल्याबद्दल बरंच बोललो. तो गायकाकडे कसा पाहतो ते सांगत होतो, म्हणजे त्यांचंच त्यांना सांगत होतो. ते ऐकत होते. निघताना त्यांनी लिहून दाखवलं, 'पुढल्या रविवारी उड्यावाले आनजो.' इतक्या वर्षांत त्यांनी माझा बँड आपणहून कधी मागितला नव्हता.

सगळे विधी उरकल्यावर, येणारे-जाणारे कमी झाल्यावर, मागच्या रविवारी मी हिंगणघाटला गेलो. ताईनं सवयीनं चिवडा कालवला होता. टीव्हीवर धूळ होती, ती पुसली. खुर्ची तशीच तिरपी होती, आणि सवयीनंच मी ती सरळ करायला गेलो... पण हात लावल्यावर वाटलं, एकदा बसून तर पाहावं. बसलो. तिथून टीव्हीचा कोपरा दिसत होता आणि बाकीच्यावर खिडकीचा उजेड पडला होता. मान वळवावी तेव्हा पडदा दिसायचा. समोर, अगदी नीट, दिसत होता दिवाण, आणि त्यावरची माझी जागा. गाणं चालू असताना मी पुढे सरकून बसतो, पायानं ठेका धरतो, आवडतं गाणं आलं की काही ना काही बडबडतो, असं ताई नेहमी सांगते.

सुजाता आतून आली आणि दिवाणावर बसली, माझ्या जागेवर. "मामा, काय आणलं होतं तुम्ही बाबासाठी?" तिनं विचारलं. मी पेन ड्राइव्ह काढून तिच्याकडे दिला. तिनं तो लावला, लोकांचा गलका सुरू झाला, आणि हळूहळू ती पुढे सरकून बसली. तिकडे तो गायक धावत सुटला असावा. मी सुजाताकडे पाहत होतो.